लाइट गेली आणि आयपी बदलला: घरच्या इंटरनेटबद्दल तुमचे प्रश्न

जून उजाडला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येऊ लागतो: ‘आमचा आयपी बदललाय, कोणी आत तर शिरलं नाही ना?’ पावसात लाइट जाते-येते, राउटर बंद-चालू होतो आणि कुठेतरी आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याचा, आकडा बदललेला दिसतो. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच्याच आसपासचे आहेत.

लाइट गेली की माझा आयपी बदलतो. समोरच्या विंगमध्ये मेव्हण्याकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे, त्याचा सहा महिने तोच आहे. माझा राउटर खराब आहे का? – एक वाचक, नेरुळ

राउटर ठीक आहे. दोन कंपन्यांची आयपी द्यायची पद्धत वेगळी असणार.

कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने राउटरमध्ये युजर आयडी आणि पासवर्ड भरला होता का, आठवून पाहा. भरला असेल तर तुमचं कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं आहे. राउटर सुरू झाला की तो लॉगइन करतो आणि कंपनीचा सर्व्हर साठ्यातला एक मोकळा आयपी त्याला देतो. लॉगइन टिकेल तोवर तो आयपी तुमचा. लॉगइन तुटलं की तो साठ्यात परत जातो आणि पुढच्या खेपेला जो मोकळा असेल तो मिळतो.

लाइट तुमच्याच घरची जायला हवी असंही नाही. बऱ्याच इमारतींत गच्चीवर, लिफ्टरूमच्या भिंतीला एक लोखंडी पेटी असते. आत घराघरांत इंटरनेट वाटणारा स्विच आणि खाली छोटी बॅटरी. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत दिवसाकाठी चार-पाच वेळा सगळ्यांचं नेट तुटायचं, घरोघरी इन्व्हर्टर असूनही. पेटी उघडली तर बॅटरी फुगून कडेने फुटली होती आणि तारांवर पांढरी पूड साचली होती. मिनिटभर लाइट गेली तरी अख्ख्या विंगचे लॉगइन एकदम तुटत होते. तुमच्याकडे आयपी रोज बदलत असेल तर राउटर बदलण्याआधी ती पेटी बघायला सांगा.

मेव्हण्याकडे बहुधा डीएचसीपी आहे. तिथे आयपी ठरावीक मुदतीच्या बोलीवर मिळतो. अकरा महिन्यांचा करार केलेल्या भाडेकरूने साडेपाच महिन्यांतच मालकाला ‘वाढवून द्या’ म्हणावं, तसं राउटर मुदत अर्धी झाली की आपणहून विचारतो आणि सर्व्हर तोच आयपी पुढे चालू ठेवतो. राउटर थोडा वेळ बंद राहिला तरी मुदत शिल्लक असते. मुदत उलटली तरी सर्व्हर शक्यतो जुनाच आकडा देतो, तो मधल्या काळात दुसऱ्याला गेला नसेल तर. म्हणून सहा महिने तोच. त्याने राउटर बदलला की मात्र बहुतेक वेळा आयपीही बदलेल, कारण सर्व्हर सहसा माणसाला नव्हे, यंत्राला ओळखतो.

आई-बाबा कोलशेतला एकटे असतात. त्यांच्या हॉलमधला कॅमेरा मला पुण्याहून बघायचा आहे. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं, आकड्याने ओळखलं जाणारं दार) उघडलं, रोजचा नवा आयपीही टाकून पाहिला, तरी लागत नाही.

आधी एक तपासणी करा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन’ या नावाखाली जो आयपी दिसतो तो कागदावर लिहा. मग ‘माझा आयपी काय’ दाखवणारी एखादी साइट त्याच घरातून उघडा. दोन्ही आकडे वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा पहिला आकडा नेमका १० असलेला असेल, तर तुमच्या घराला स्वतंत्र बाहेरचा आयपीच नाही. कंपनी एका आयपीमागे अनेक घरं बसवते. याला सीजीनॅट म्हणतात आणि १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला गेला.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मागवलेलं पार्सल आलं की वहीत नोंद असते, ते बरोबर तुमच्या दारात येतं. पण कोणी नुसतं सोसायटीचं नाव सांगून गेटवर उभं राहिलं तर त्याला कोणाकडे पाठवायचं, हे वॉचमनला कळत नाही. तुम्ही पुण्याहून ठोठावता तेव्हा नेमकं हेच होतं. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडलीत तरी निरोप कंपनीच्या गेटवरच अडतो.

कंपन्या असं का करतात? कारण आयपीच उरलेले नाहीत. जुन्या, चार आकड्यांच्या पद्धतीत सगळ्या जगासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला. २०१९ पासून या विभागात नव्याने आलेल्या कंपनीला फार तर ५१२ पत्ते मिळतात. कोलशेतच्या एकेका संकुलातच त्याहून जास्त घरं आहेत! केबलवाल्यावर चिडण्याआधी हे जरूर लक्षात घ्या.

तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप. त्यात कॅमेरा स्वतःच बाहेर जोडणी करून ठेवतो, त्यामुळे आयपी बदलला तरी फरक पडत नाही. ते नको असेल तर कंपनीकडे जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणारा, आयपी मागा. डीडीएनएस नावाची सेवा बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देऊन त्याचा पाठलाग करते, पण सीजीनॅटपुढे तीही हतबल आहे. काहीही करा, कॅमेऱ्याचा डब्यावर छापलेला पासवर्ड आजच बदला. आई-बाबांच्या हॉलचा प्रश्न आहे.

मी नौपाड्यात बसून लॉगइन केलं आणि ईमेलवर ‘चेन्नईहून लॉगइन’ असा इशारा आला. हॅक झालं का?

इशाऱ्यातली वेळ आणि तुमची लॉगइनची वेळ जुळते का, ते आधी बघा. जुळत असेल तर घाबरू नका. आयपीत गावाचं नाव नसतं. आयपींचा कोणता गठ्ठा कुठल्या कंपनीला दिला आहे, यावरून गाव ताडलं जातं, आणि कंपनीने तो गठ्ठा काल चेन्नईत वापरून आज ठाण्यात आणला तर यादी काही काळ जुनंच सांगत राहते. वेळ जुळत नसेल तर मात्र लगेच पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकाला त्याच मिनिटाला फोन करा.

साइट सारखी विचारते, ‘तुम्ही रोबोट नाही ना?’ – वाशी

सीजीनॅटमुळे होऊ शकतं. तुमच्याच आयपीमागच्या दुसऱ्या एखाद्या घरातला कॉम्प्युटर व्हायरसमुळे धडाधड मागण्या पाठवत असेल, तर संशय सगळ्यांवर येतो. पीपीपीओई असेल तर राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा. बहुतेक वेळा आयपी बदलतो आणि त्रास थांबतो.

फोनमध्ये एक लांबलचक आयपी दिसतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. तो तर रोज बदलतो! – कॉलेज विद्यार्थिनी, खारघर

तो आयपीव्ही६ आहे, नव्या पद्धतीचा पत्ता. त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीकडून येतो, दुसरा अर्धा तुमचा फोन स्वतः तयार करतो आणि साधारण दिवसागणिक मुद्दाम नवा घेतो, म्हणजे एकाच शेपटीवरून कोणाला तुमचा माग काढत राहता येऊ नये. ही सोय तुमच्या भल्याची आहे, ती बंद करू नका. इथे पत्त्यांचा तुटवडा नाही, म्हणून घरं एका आयपीमागे कोंबायची गरजही नाही. माझ्या मते कंपन्यांनी प्रत्येक घराला हे द्यायलाच हवं.

ऐरोलीच्या ऑफिसचा सर्व्हर फक्त माझ्या घरच्या आयपीला आत घेतो. आयपी बदलला की काम ठप्प.

स्टॅटिक आयपी घ्या आणि खर्च ऑफिसकडे मागा. किंवा त्यांना व्हीपीएन, म्हणजे कुठल्याही आयपीवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, द्यायला सांगा.

आज माझ्याकडे असलेला आयपी काल दुसऱ्याकडे होता. त्याने काही गुन्हा केला असेल तर पोलीस माझ्या दारात येतील का? मी ७२ वर्षांचा आहे, झोप लागत नाही. – कोपरी

काका, शांत झोपा. नुसत्या आयपीवरून घर ठरत नाही. कोणता आयपी कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनीला ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटींप्रमाणे ती किमान दोन वर्षं जपायची असते. सीजीनॅट असेल तर आयपी आणि वेळेबरोबर पोर्टचा आकडाही लागतो, कारण त्या क्षणी तोच आयपी बऱ्याच घरांकडे असतो.

काळजी घ्यायची ती वायफायच्या पासवर्डची. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यामुळे त्यावरून कोणी काही केलं तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल. जिन्यातल्या कोणालाही पासवर्ड दिला असेल तर नातवाला सांगून तो बदलून घ्या. आणि तुम्हाला कधी तक्रार करायची वेळ आली तर आयपीसोबत तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहा. फोनवर इशारा येताच स्क्रीनशॉट काढा, पण तारीख-वेळही लगेच लिहून ठेवा; स्क्रीनवर सेकंद सहसा दिसत नाहीत.