आईसाठी नाही, चार्लीसाठी रडले

‘आई गेली तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही, आणि सिनेमातली कुत्री आजारी पडली तेव्हा मात्र ते तासभर हुंदके देत होते. त्यांचे काही बिघडले आहे का?’ थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात अनेक घरांतून विचारला गेला आहे. कधी निमित्त एखाद्या मालिकेचे असते, कधी शेजारच्या घरातील मृत्यूचे. येथे ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चित्रपट मात्र तोच ठेवला आहे, कारण त्याच्याविना ही हकीकत सांगताच येणार नाही.

तो चित्रपट म्हणजे ‘७७७ चार्ली’. किरणराज के. यांनी दिग्दर्शित केलेला आणि रक्षित शेट्टी यांची प्रमुख भूमिका असलेला हा कन्नड चित्रपट १० जून २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. लहानपणी अपघातात आई, वडील आणि बहीण गमावलेला धर्मा म्हैसूरमध्ये एकटा राहतो, कारखान्यात काम करतो, कोणाशी धड बोलत नाही आणि घरी येऊन चॅप्लिनचे चित्रपट पाहतो. एका क्रूर श्वानपैदासकाराच्या तावडीतून सुटलेली लॅब्राडोर कुत्री त्याच्या दारात येते आणि त्याला ती नको असतानाही तेथेच राहते. तिला कर्करोग झाल्याचे कळल्यावर, तिला बर्फाची ओढ आहे एवढ्याच आधारावर, तो तिला मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसवून थेट हिमालयाकडे निघतो. कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई हा चित्रपट पाहून सर्वांसमक्ष रडले होते; त्यांचा पाळीव कुत्रा आदल्याच वर्षी गेला होता. त्यांच्या अश्रूंचे कारण कोणालाही चटकन कळण्यासारखे होते. माझ्यापुढे बसलेल्या गृहस्थांनी मात्र आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नव्हता.

पासष्टी ओलांडलेले हे गृहस्थ बेळगावचे. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत त्यांची सारी नोकरी झाली, त्यामुळे घरात मराठी आणि कामावर कन्नड अशा दोन्ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या, आणि चित्रपट त्यांनी मूळ कन्नडमध्येच पाहिला. पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर काही वर्षे तिचे डायलिसिस चालू होते. ती गेली त्याला दीड वर्ष झाले होते. अंत्यसंस्कारापासून वर्षश्राद्धापर्यंतचे सारे त्यांनी शांतपणे पार पाडले आणि ‘काका फार धीराचे’ अशी नातेवाइकांत त्यांची ख्याती झाली. कोल्हापुरात राहणाऱ्या मुलीकडे आलेले असताना एका रात्री त्यांनी हा चित्रपट पाहिला, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांचे डोळे थांबेनात तेव्हा मुलगी घाबरून त्यांना माझ्याकडे घेऊन आली. ‘मॅडम, आईसाठी नाही रडले,’ हे वाक्य पहिल्याच भेटीत तिने दोनतीनदा उच्चारले.

अशा वेळी ‘हे रडणे नॉर्मल आहे का’ या प्रश्नावर घोटाळत राहण्यापेक्षा नेमक्या कोणत्या प्रसंगाला रडू आले, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. दुःखाच्या चित्रपटात सगळेच रडतात, परंतु प्रत्येकाची जागा वेगळी असते. मी काकांना तेच विचारले. चार्लीच्या मृत्यूचा प्रसंग ते सांगतील, अशी मुलीची खात्री होती. काका म्हणाले, ‘नाही, तोपर्यंत मी रडून थकलो होतो. डॉक्टर त्याला रिपोर्ट सांगतात ना, तिथं सुरू झालं.’ त्यानंतर बराच वेळ थांबून त्यांनी सांगितले की पत्नीच्या हृदयाने आता साथ सोडत आणली आहे, फार महिने हाती नाहीत, हे रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितले होते. त्यांनी ते पत्नीला सांगितले नाही आणि मुलीलाही सांगितले नाही. शेवटचे पाच महिने ते ही गोष्ट एकट्याने बाळगून घरात वावरत होते. त्या काळात रडणे म्हणजे गुपित फोडणे होते, म्हणून त्यांनी रडणे बंद केले, आणि ती गेल्यावर ते पुन्हा कसे सुरू करायचे हे त्यांना उमगले नाही.

दुसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते तीच अधिक बोचणारी होती. पत्नीला एकदा गोकर्णाला जायचे होते. ‘त्यानं कुत्रीला बर्फापर्यंत नेलं. मी हिला गोकर्णापर्यंत नेलं नाही,’ असे काका म्हणाले. येथे मला या चित्रपटाविषयी, तो आवडूनही, एक तक्रार नोंदवायची आहे. प्रेमाचे माप म्हणून अखेरचा भव्य प्रवास दाखवणे पडद्यावर शोभून दिसते, पण ज्यांनी घरात दीर्घ आजार काढला आहे, त्यांच्या हाती ते माप पडले की ते स्वतःला नापास ठरवून मोकळे होतात. म्हणून मी काकांना त्यांचा आठवडा सविस्तर सांगायला लावला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी प्रत्येकी चार तास डायलिसिस, दिवसभरात किती पाणी प्यायचे ते मोजून भरलेली बाटली, पालेभाज्या उकळून त्यांचे पाणी टाकून देणे, शहाळे वर्ज्य, फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) असलेल्या हातावर कोणी रक्तदाब घेऊ नये, सुई टोचू नये, यासाठी डोळ्यांत तेल घालून जागणे. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते पत्नीच्या मनगटाजवळ बोट ठेवून फिस्टुलातील रक्ताची थरथर लागते ना, हे पाहत असत. हे सांगताना त्यांना पुन्हा रडू आले आणि मी ते थांबवले नाही. गोकर्णाची हळहळ खोटी आहे, असे मी त्यांना म्हटले नाही, कारण ती खोटी नव्हती. एवढेच विचारले की एका न घडलेल्या प्रवासाचा हिशेब मांडताना या सगळ्या रात्री कोणत्या रकान्यात गेल्या.

मुलीची मूळ भीती मात्र आजाराची होती, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते ते असे. शोक लांबून विकाराचे रूप घेऊ शकतो आणि वैद्यकीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत किमान सहा महिन्यांचा, तर अमेरिकी निकषांत प्रौढांसाठी किमान एक वर्षाचा काळ धरला आहे. केवळ काळ लोटला म्हणून मात्र निदान होत नाही. गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचेच विचार जवळजवळ रोज, तीव्रतेने मनाचा ताबा घेत असतील आणि त्यामुळे खाणेपिणे, व्यवहार, नाती कोलमडली असतील, तर उपचारांचा विचार करावा लागतो. काका स्वयंपाक करत होते, झोप बरी होती, बँकेची कामे चालू होती. जगण्याचा कंटाळा येतो का, जीव द्यावासा वाटतो का, हे मी त्यांना सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. त्यांचे उत्तर ठाम नकाराचे होते. ते होकाराचे असते तर मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. ज्यांना जवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. शोकाविषयी श्ट्रोबे आणि शुट या संशोधकांनी १९९९ साली मांडलेला विचार मला प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडतो: माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, कधी नव्याने जगण्याच्या कामांकडे, आणि ही ये-जा चालू असणे हेच प्रकृतीचे लक्षण होय. काका दीड वर्ष फक्त कामांच्या बाजूला उभे होते. चित्रपटाने त्यांना पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला नेले.

मधल्या काळात नातेवाइकांनी चित्रपटातूनच उपाय शोधला होता: काकांना एक पिल्लू आणून द्यावे. मी त्याला विरोध केला. लॅब्राडोर दहाबारा वर्षे जगते, तिला रोज व्यायाम लागतो आणि पुढे म्हातारपणी तिचीही शुश्रूषा करावी लागते. नुकतेच शुश्रूषेतून बाहेर पडलेल्या माणसाला ते हवे आहे का, हे कोणी त्यालाच विचारले नव्हते. काकांनी हसून सांगितले की त्यांना कुत्र्यांची जरा भीतीच वाटते.

त्यांचे खरे अवघड दिवस वेगळेच निघाले. मंगळवार, गुरुवार, शनिवारची दुपार झाली की पाय आपोआप पिशवी भरायला उठत आणि मग घर खायला उठे. आम्ही मोठे काही ठरवले नाही. मुलगी रोज रात्री घाईत फोन करायची, ते फोन तिने या तीन दुपारी ठेवले. शनिवारी काका जुन्या सहकाऱ्यांच्या कॅरमला जाऊ लागले, गुरुवारची दुपार मात्र अजून रिकामीच जाते. गोकर्णाचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला आणि ‘सध्या नको’ म्हणाले.

मुलीला वडिलांच्या रडण्याचा अर्थ कळला तेव्हा तिची भीती गेली, पण तिच्या जागी राग आला. आईला धक्का बसू नये म्हणून गुपित ठेवले, हे तिने समजून घेतले. मला का सांगितले नाही, मी त्या पाच महिन्यांत रजा घेऊन आले असते, हे मात्र तिला अजून पचलेले नाही. त्यामुळे आता काका येत नाहीत. तीच येते, आणि आम्ही त्या रागाविषयी बोलत आहोत.