आजोबांची १९६८ ची जीप : ऑइल कोणतं, फिल्टर कुठला, आणि किती किलोमीटरला बदलायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. महिंद्राची सीजे-३बी, मूळ पेट्रोल इंजिन, चार वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी. आता चालू करायची, तर ऑइल कोणतं, फिल्टरचा जुना डबा काढून आजकालचा फिरवून बसवायचा फिल्टर लावावा का, आणि बदल किती किलोमीटरला. मूळ इंजिन शाबूत आहे हेच नवल. आमच्या भागात बहुतेकांनी कधीच डिझेल बसवून घेतलं.

शेवटचा भाग आधी घेतो, गडबड तिथंच होते. किलोमीटर सोडा, कॅलेंडर बघा. माझी जीप वर्षात हजार-बाराशेच्या वर जात नाही. वरुडचा बाजार, वावर, लग्नसराईत कोणाची तरी वरात. एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी वाफ होऊन निघून जायच्या ऐवजी खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, उतरतं, सोबत थोडं कच्चं पेट्रोलही. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा, आतून सायीसारखा पिवळट थर दिसेल. म्हणून मी दिवाळीच्या सुमारास, हवेतली ओल गेली की, ऑइल बदलतोच. संत्र्याच्या तोडणीत गाडी जास्त पळाली, तर १५०० किलोमीटरला.

पण तुम्ही आज ऑइल आणू नका. आधी चेंबर उतरवा.

हे भोगून सांगतो. वडिलांच्या काळात आमच्या जीपमध्ये ४० नंबरचं साधं ऑइल पडायचं, पिंपातून मापून. काजळी स्वतःत धरून ठेवायचा गुण त्यात नव्हता. ऑइल वरून स्वच्छ दिसायचं आणि चेंबरच्या तळाशी डांबर साचायचं. गाडी माझ्या हाती आल्यावर मी मोठ्या हौसेनं नवं, डिटर्जंटवालं ऑइल भरलं. त्यानं आपलं काम चोख केलं, वीस वर्षांचा गाळ सुटा करून टाकला. अमरावतीला जाताना मोर्शी ओलांडली आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली यायला लागला. मला वाटलं, काटाच म्हातारा झाला असेल. तशीच दहा किलोमीटर हाकली. या इंजिनात पंपाला ऑइल देणारी जाळी ऑइलवर तरंगते. उघडलं तेव्हा ती पूर्ण बुजलेली निघाली. एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासायला नागपूरला न्यावा लागला. चूक कोणा मिस्त्रीची नव्हती, माझीच होती.

मिस्त्री म्हणेल, चेंबर कशाला खोलता, लिटरभर डिझेल टाकून दहा मिनिटं फिरवू. करू देऊ नका. डिझेलनं गाळ सुटतो खरा, पण तो बाहेर न पडता बेअरिंगकडे जातो, आणि नेमका त्याच वेळी तिथं ऑइलचा थर पातळ झालेला असतो. चेंबर काढा, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडा, जाळी रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा, नवं पॅकिंग लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मग प्लग काढून चारही बोअरमध्ये (सिलिंडरमध्ये) दोन-दोन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी हॅन्डलनं हातानं फिरवा. मोकळं फिरलं, तर नवीन ऑइल भरून प्लग न लावताच स्टार्टर मारा, थांबून थांबून, प्रेशरचा काटा उठेपर्यंत. काटा उठला नाही तर पंप कोरडा पडलाय. अशा वेळी चालू करून पाहायचा मोह आवरा.

ऑइल : साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जातो आणि इंजिनातल्या फटी ५० वर्षांच्या झिजेनं वाढलेल्या असतात. ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल टाकलं, तर गरम झाल्यावर स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) काटा पार झोपतो, आणि मागच्या सीलमधून थेंब गळतात ते वेगळेच. नव्या ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक कमी, म्हणून ते जुने टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) खातं, अशी एक भीती सांगतात. त्यात तथ्य इतकंच की २००४ मध्ये ऑइलचा एसएम हा दर्जा आला, तेव्हा एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जपायला फॉस्फरसची (झिंकसोबत एकाच रसायनातून येतो तो) मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. ती मर्यादा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. शिवाय या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काही शर्यतीच्या नाहीत. निवांत राहा. माप सुमारे ३.८ लिटर, फिल्टरचा डबा रिकामा केला असेल तर ४.७ च्या आसपास. पहिलं ऑइल २०० किलोमीटरवरच काढून टाका. ते काळं निघेल, घाबरू नका. काजळी खाली न बसता ऑइलसोबत बाहेर आली, एवढाच त्याचा अर्थ.

आता तो डबा. काढू नका. आजकालच्या गाडीत सगळं ऑइल फिल्टरमधून जाऊन मग बेअरिंगला पोचतं. तुमच्या जीपमध्ये बारीक छिद्रातून थोडंसंच ऑइल डब्यात जातं, गाळून चेंबरात परततं; बाकीचं थेट इंजिनाला. म्हणून फिल्टर पूर्ण तुंबला तरी प्रेशर पडत नाही, आणि म्हणूनच लोक तो वर्षानुवर्षं विसरतात. एकानं ते छिद्र 'चोकअप होतं' म्हणून ड्रिलनं मोठं केलेलं मी पाहिलंय. मग निम्मं ऑइल डब्यातच फिरतं आणि बेअरिंग उपाशी. थोडंसंच ऑइल गाळायचा हा प्रकार फिल्टरच्या पहिल्या पिढीतला आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत प्युरोलेटर नावाचा फिल्टर निघाला तो याच धर्तीचा, नावातच 'ऑइल मागाहून शुद्ध'. अशा डब्यांत पूर्वी सुताचा बोळा भरलेला असे; कापसाच्या मुलुखात राहून हे मला फार उशिरा कळलं. एलिमेंट, म्हणजे डब्यातला गाळणारा भाग, बदलायला जुनं काढून सोबत न्या, उंची, घेर आणि मधलं भोक जुळवा. ट्रॅक्टरचं एखादं सैल बसतं, ते घेऊ नका. बाजूनं ऑइल निसटलं की फिल्टर असून नसल्यासारखा. झाकणाचं पॅकिंग आणि बोल्टचं तांब्याचं वॉशर नवं.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो, आपल्या वावरात इंजिन खाते ती हवेतली धूळ. एअर क्लीनर ऑइलचा आहे, त्याच्या वाटीत खुणेपर्यंत इंजिनचंच ऑइल असायला हवं. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मी ती वाटी दर आठवड्याला उघडतो. तळाला चिखल बोटभर चढलेला असतो. ऑइल कितीही महागाचं टाका, वाटी कोरडी असली तर पिस्टनच्या रिंगा वर्षभरात जातात.

काढलेलं ऑइल बंडीच्या आसाला आणि वाळवी लागलेल्या चौकटींना फासतात आमच्याकडे. उघड्या हातानं फासू नका, त्यातले घटक कातडीला कर्करोगकारक आहेत. आणि विहिरीजवळ सांडू तर अजिबात नका. मी डबकीत साठवून भंगारवाल्याला देतो.

चेंबर उतरवायच्या आधी एक काम करा. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी खुणेच्या वर असली, तर बहुतेक इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतंय. तसं असेल तर पंप आधी उघडा. काय दिसतं ते इथंच लिहा, पुढचं त्यावर सांगतो.