जबड्यातल्या गाठीसाठी गळ्याची तपासणी कशाला?

ताई, इंदूरच्या रामबागेतून तुम्ही विचारलंय की आईच्या खालच्या जबड्यात गाठ आहे, बायोप्सीत 'जायंट सेल' (मोठ्या आकाराच्या पेशी) आलंय, मग डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) का तपासायला सांगताहेत. अगदी बरोबर सांगताहेत. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे करूनच घ्या.

गळ्यात थायरॉइडच्या मागे सहसा चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एखादी वाढून हे हार्मोन, म्हणजे पीटीएच, जास्त सोडू लागली की हाडांतून कॅल्शियम उपसलं जातं. पोकळ झालेल्या जागी रक्तस्राव होतो, नवा तंतुमय भाग भरतो. रक्तातल्या लोहामुळे त्याचा रंग तपकिरी, म्हणून नाव ब्राउन ट्यूमर. हा कॅन्सर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ही गाठ जबड्याच्या दुसऱ्या जायंट सेल गाठीसारखीच दिसते, फरक रक्ताची तपासणी सांगते. एक्स-रेत दातांच्या मुळांभोवतीची बारीक पांढरी रेघ पुसट झालीय का, तेही विचारा.

सोबत रक्तातलं फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, हेही तपासून घ्या. किडनीच्या जुन्या आजारातही अशी गाठ होऊ शकते, तिथे उपचार वेगळे.

दोष ग्रंथीत निघाला तर आधी ती ग्रंथी काढतात. त्यानंतर जबड्याची गाठ बऱ्याचदा आपोआप आक्रसते, हाड भरतं, पण त्याला महिने लागतात. घाईने जबडा कापू देऊ नका.

ग्रंथी काढल्यावर कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या किंवा हातपाय आखडले तर लगेच डॉक्टरांना कळवा.