आधी कंबर चढू द्या, मग पाय

प्रश्न : वय ४१. दोन वर्षांपासून वर्गात शीर्षासन करते, पण वर जाताना बाई दर वेळी कमरेला हात देतात. घरी एकटीने करायला गेलं की पाय उडतात आणि धपकन खाली येतात. रक्तदाब, मान, डोळे सगळं ठीक आहे. आधाराशिवाय कसं जमेल?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बाई हात कुठे देतात ते बघा : कमरेला. कंबर खांद्यांच्या बरोबर वर आली की पाय हलके होतात; त्याआधी उडवलेला पाय खाली येणारच. हे काम आता तुमच्या कोपरांनी आणि पावलांनी करायचं आहे.

ब्लँकेटची चार पदरी घट्ट घडी घ्या, गादी किंवा उशी नको. वज्रासनातून पुढे वाका आणि दोन्ही हातांनी विरुद्ध बाजूची कोपरं धरा. कोपरांत एवढंच अंतर हवं. ती न हलवता बोटं गुंफा. खालची करंगळी आत ओढून घ्या, नाहीतर ती दबते. तळहाताचं मूळ भुवयांच्या मध्ये ठेवलं की मधल्या बोटाचं टोक जिथे पोचतं, साधारण तिथे टाळू टेकवा. कपाळाकडे सरकलात तर कंबरेत बाक येतो, मागे सरकलात तर मान वाकते.

आता गुडघे उचला, कोपरं जमिनीत दाबा आणि खांदे कानांपासून दूर न्या. या स्थितीत डोकं जमिनीपासून बोटभर उचलून आठ-दहा श्वास थांबता येतं का? येत नसेल तर महिनाभर रोज तीनदा एवढंच करा. ही कसोटी टाळू नका, कारण खांदे थकले की सगळा भार मानेवर येतो.

मग टाळू टेकवून पावलं चेहऱ्याकडे चालवत आणा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं : मांडीच्या मागच्या शिरा ताठ असतात, पाठ गोल होते, कंबर मागेच राहते आणि मग माणूस उडी मारतो. त्यावर घरातला लाकडी पाट कामाचा. पावलं पाटावर ठेवून चालवा. तेवढ्या उंचीने कंबर पुढे येते. अंगठे पाटावर नुसते टेकलेले आहेत, वजन नाही, असं वाटलं की दोन्ही गुडघे एकदम छातीशी घ्या आणि पाच श्वास थांबा. दोन आठवडे यापुढे जाऊच नका. नंतर गुडघे छताकडे आणि शेवटी पाय सरळ. उतरतानाही हाच क्रम उलटा, मग शशांकासनात (वज्रासनातून पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवून) मिनिटभर. सुरुवातीला वर ३० सेकंद पुरे.

खोलीच्या मधोमध करण्याआधी पडायला शिका : बोटं सोडायची, हनुवटी छातीशी, पाठ गोल, गुडघे वाकवून गडगडायचं. मागे सहा फूट जागा मोकळी हवी, टीपॉय वगैरे आधीच हलवा.

एक नागपुरी अडचण : मे महिन्यात कूलरच्या दमट हवेत हात घामेजतात आणि सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते. घडीखाली रबरी मॅट घाला, हात कोरडे पुसा आणि पहाटेच करा, पोट रिकामं असताना.

प्रश्न : शीर्षासनानंतर मानेत कळ येते. सराव चालू ठेवू का?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : नको. आधी डॉक्टरांना मान दाखवा. बोटांना मुंग्या येत असतील तर आजच दाखवा. बहुधा कोपरं फाकत असतील. मग खांदे खचतात आणि भार मानेवर पडतो. मान बरी झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तरच वरच्या बोटभर कसोटीपासून सुरुवात करा. मणक्याचा त्रास, उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार निघाला तर हे आसन सोडून द्या. भिंतीला पाय लावून पाठीवर पडणंही रक्तदाब आणि काचबिंदूवाल्यांनी विचारूनच करावं.