थ्री नॉट थ्रीची काडतुसं घरी भरायची म्हणताय, आधी क्रेडिट कार्डाचं बघू

टेक्सासमधल्या एका वाचकांचा मोठा ईमेल आलाय, थोडक्यात सांगतो. ग्रीन कार्ड आहे, ऑस्टिनजवळ भाड्याचं घर, दोन शाळकरी मुलं. जुन्या लष्करी रायफली दोन, एक ली-एनफिल्ड नंबर ४ म्हणजे आपली थ्री नॉट थ्री आणि दुसरी रशियन मोसिन-नागांत. महिन्याला रेंजवर साधारण ४० राउंड मारतात आणि दुकानातलं काडतूस त्यांना सरासरी १.६० डॉलरला पडतं. आता हातात बोनसचे २,६०० डॉलर आलेत. त्यातून ६५० चं रिलोडिंगचं, म्हणजे वापरलेली काडतुसं घरी परत भरायचं, सामान घ्यायचं आणि उरलेल्यात २,५०० राउंड होतील एवढे बुलेट, पावडर (दारू), प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) एकदमच भरून ठेवायचे, कारण २०२० सारखा तुटवडा परत आला तर? सोबत एक्सेल शीट आहे, त्यात १९ महिन्यांत पैसे वसूल. प्रश्न असा की "ही गुंतवणूकच झाली ना?" आणि खाली एक ओळ, "बायको नाही म्हणतेय."

शीट छान केलीय हो, फुकट नावं ठेवत नाही. पण त्याच ईमेलमध्ये तुम्ही जाता जाता लिहिलंय की कार्डावर ३,१०० डॉलर थकलेत आणि व्याज २४ टक्के. मी तिथेच थांबलो. ३,१०० वर वर्षाला ७४४, म्हणजे महिन्याला ६२ डॉलर नुसतं व्याज जातंय. आणि रिलोडिंगमधून महिन्याला वाचणार किती, तर तुमच्याच शीटप्रमाणे राउंडमागे ८७ सेंट गुणिले ४०, म्हणजे जेमतेम ३५ डॉलर. एका खिशातून ६२ गळतायत आणि दुसऱ्यात ३५ यावेत म्हणून २,६०० घालायचे, हे गणित मला तरी कुठूनच जमत नाही.

तेव्हा बोनस सगळा कार्डावर. उरलेले ५०० दोन-तीन महिन्यांत संपवा. इमर्जन्सी फंडही तुमचा दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा कमी आहे पण तो विषय वेगळा लिहीन कधीतरी.

आता रिलोडिंग करूच नका असं मी म्हणतोय का, तर नाही. मी स्वतः करतो, गॅरेजात बेंच आहे माझं, म्हणून तर शीटमधल्या चुका लगेच दिसल्या. तुम्ही बुलेट ४२ सेंट, पावडर २३, प्रायमर ८ धरलेत, एकूण ७३. पावडरीचा भाव ऑनलाइन बघितलात वाटतं, त्यात हॅझमॅटचा, म्हणजे धोकादायक माल पाठवण्याचा, चार्ज नाही. पावडर आणि प्रायमर घरपोच मागवले की शिपिंगशिवाय तो वेगळा लागतो आणि छोट्या ऑर्डरला फार बोचतो. ते आणि टॅक्स धरून पावडर २७ आणि प्रायमर ९ पकडा, म्हणजे झाले ७८. आणि ब्रासच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी केसच्या, रकान्यात तुम्ही शून्य टाकलंय! का तर "केस परत वापरता येते". येते की, पण किती वेळा? थ्री नॉट थ्रीचे लष्करी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मुद्दाम सैल ठेवलेले, चिखलात पण काडतूस आत गेलं पाहिजे म्हणून, त्यामुळे पहिल्याच फायरला केस ताणली जाते, वर तुम्ही दर वेळी डायमध्ये (मापाच्या साच्यात) पूर्ण दाबून मूळ मापाला आणलीत की बुडाजवळ ती पातळ होत जाते आणि एक दिवस तिथूनच तुटते. नुसती केसची मान मापाला आणली तर जास्त टिकते. तरी मी पाचपेक्षा जास्त फायर धरत नाही. नवी केस डॉलरला मिळते म्हणजे राउंडमागे २० सेंट हे झाले. एकूण ९८, म्हणजे १.६० मधून वाचले ६२ सेंट.

सामानाचं पण तसंच. ६५० मध्ये प्रेस (केस डायमध्ये दाबायचं यंत्र), वजनकाटा, दोन्ही रायफलींचे डाय आलेत, पण केस कापायचा ट्रिमर नाही, मापं घ्यायचा कॅलिपर नाही, चुकीच्या भरलेल्या काडतुसातून बुलेट काढायचा पुलर नाही (लागतो, पहिल्याच महिन्यात लागतो), रिलोडिंग मॅन्युअल सुद्धा नाही. ८५० धरा. आता भागाकार करा, ८५० भागिले ६२ सेंट, साधारण १,३७० राउंड. महिना ४० च्या वेगाने ३४ महिने. तुमचे १९ चे ३४ झाले बघा, आणि अजून तुम्ही हात चुकून एकही केस चेपवली नाहीये.

मग यातून मार्ग काय, तर सहा महिने थांबायचं. कार्ड फेडायला तसंही थांबायचंच आहे. तुम्ही लिहिलंय की रिकाम्या केसेस तुम्ही रेंजवरच्या बादलीत टाकून येता. अहो, पैसे तिथे आहेत! विकत घेतलेल्या काडतुसात सगळ्यात महाग भाग ती पितळेची केसच असते आणि ती तुम्ही दर महिन्याला ४० वेळा फेकताय. आजपासून सगळ्या घरी आणा. सहा महिन्यांत २४० केस जमतील, त्यांचं एक फायर झालेलं असेल, अजून चार धरले तर ९६० राउंड, म्हणजे दोन वर्षांचा ब्रास फुकट. मग खर्च खरोखर ७८ सेंटवर येतो आणि वाचतात ८२. त्यात सुरुवातीला एकाच रायफलीचे डाय घेतलेत आणि लोखंडी प्रेस सेकंडहँड घेतला, तर ५०० मध्ये काम होतं. ओतीव लोखंडाचा प्रेस बापाकडून मुलाकडे जातो, त्याला काही होत नाही, फक्त कोणी उघडी पावडर सोबत फुकट देत असेल तर ती मात्र घेऊ नका, डब्यात लेबलवालीच पावडर आहे कशावरून. ५०० भागिले ८२ सेंट, ६१० राउंड, १५ महिने. म्हणजे सहा महिने थांबून सुद्धा तुमचे पैसे आधीच्या खऱ्या हिशोबापेक्षा वर्षभर लवकर वसूल होतात.

फक्त एक, जी काडतुसं घ्याल ती बॉक्सर प्रायमरची घ्या, पीपीयू या सर्बियन कंपनीची चालतील. बर्डन प्रायमरच्या केसमध्ये आत दोन बारीक भोकं असतात, बॉक्सरला मध्ये एकच, त्यामुळे साध्या डायच्या पिनने बर्डनचा जुना प्रायमर निघतच नाही. मोसिनचं जुनं डब्यातलं सरप्लस, म्हणजे लष्कराचा उरलेला माल, जवळपास सगळं बर्डन आणि नळी गंजवणारं. ते स्वस्त होतं तोवर मोसिनसाठी रिलोडिंगचा विचारच कोणी करत नव्हतं. ७ सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले आणि तिथून हे गणित बदललं.

तुम्ही गन शोमध्ये ७० सेंटला बघितलेल्या थ्री नॉट थ्रीबद्दल, ज्याच्या बुडावर के एफ लिहिलंय. ते आपल्या खडकीचं आहे, पुण्याच्या! केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. मी पुण्याचाच, त्यामुळे पहिल्यांदा टेक्सासच्या गन शोमध्ये तो शिक्का बघून मला भरूनच आलं आणि एक डबा घेतला पण. घोडा दाबला, टक् वाजलं, काही नाही, मग अर्ध्या सेकंदाने धडाम. जुन्या केएफची ही ख्याती इकडे सगळ्यांना माहिती आहे. प्रायमर गंजवणारा, त्यामुळे दर वेळी नळी पाण्याने धुवा, आणि केस बर्डन, म्हणजे परत भरायच्या कामाची नाही. आठवण म्हणून शोकेसमध्ये पाच ठेवा, बचत म्हणून नको.

साठ्याचं बोलू. २,५०० राउंड म्हणजे तुमच्या वेगाने पाच वर्षं. एवढी पावडर म्हणजे आठ पौंडी दोन डबे, आणि ती पावडर तुमच्या रायफलीला मानवते का हेच अजून माहीत नाही. हा गाढवपणा मी केलेला आहे. २०२१ मध्ये मिळतेय म्हणून आठ पौंड दीडपट भावाने उचलली, एनफिल्डला अजिबात आवडली नाही, अजून पडलीय. शिवाय टेक्सासचा जुलै आणि तुमचं गॅरेज! पावडरीला उष्णता सोसत नाही. सोळा पौंड तसे इकडच्या फायर कोडच्या घरगुती मर्यादेत बसतात, ती २० पौंड आणि १०,००० प्रायमर अशी आहे, पण घर भाड्याचं आहे, लीजमध्ये काय लिहिलंय ते वाचा आणि रेंटर्स इन्शुरन्सवाल्याला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. वहिनींचा आक्षेप बहुतेक हाच असणार, लहान मुलं आहेत घरात, कुलूपबंद कपाटाचे पैसेही शीटमध्ये टाका. एक वर्षाचा माल पुरे. प्रायमर तेवढे हजारभर घ्या, मागच्या वेळी खरी टंचाई त्यांचीच होती, आणि दोन्ही रायफलींना लार्ज रायफल प्रायमरच लागतो. बुलेट पण .३११-.३१२ इंच जाडीच्या दोन्हीत बऱ्याचदा चालून जातात, पण मोसिनच्या नळ्यांची मापं फार इकडेतिकडे असतात म्हणून आधी मोजून घ्या. स्वस्तातली .३०८ ची बुलेट बघून मोह होईल, ती थ्री नॉट थ्रीला बारीक पडते.

आणि रेंजवरच्या दोन मित्रांना भरून विकायचं म्हणताय ते डोक्यातून काढा. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, धंदा म्हणून विकायला लागतं, आणि तुमच्या काडतुसाने कोणाची रायफल फुटली तर? त्या कोर्टाच्या खटल्यापुढे तुमची सगळी बचत चहापाण्याची.

बाकी वाचकांपैकी कोणी एच-वन-बीवर असाल तर हे वाचून प्रेस ऑर्डर करायला जाऊ नका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे ठरावीक अपवाद सोडून, वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि भारतात परत जायचा विचार असेल तर हे सगळं इथेच सोडून जावं लागणार, आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस बनवणं हा आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे.

वेळेचं तुम्ही विचारलं नाहीत. साध्या प्रेसवर नवशिक्याला १०० राउंडना, केस साफ करणं-कापणं धरून, चार-पाच तास लागतात. म्हणजे महिन्याचे दोन तास आणि ३३ डॉलर. ते दोन तास आवडणार असतील तर ठीक, नुसते पैशासाठी असतील तर कंटाळाल. आणि ७८ सेंटला पडतंय म्हणून ४० चे ९० राउंड व्हायला लागले तर महिन्याला ७० डॉलर जातील, आज ६४ जातायत.

तर आत्ता घरी एक झाकणाची बादली घ्या. स्वतःच्याच केसेस टाका त्यात, एनफिल्डच्या वेगळ्या, मोसिनच्या वेगळ्या. रेंजवरची दुसऱ्यांची थ्री नॉट थ्री ब्रास फुकट मिळाली तरी उचलू नका, ती कोणी किती वेळा ताणलीय ते बघून कळत नाही. कार्ड शून्य झालं की नवी शीट पाठवा, ब्रासच्या रकान्यासकट.