दुर्गम आदिवासी पाड्यावर शुद्ध पाणी पोहोचवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की मित्रमंडळींनी पैसे जमवलेत, एका पाड्यावर नळयोजना करायची आहे, तर आधी काय करावं. मी पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा भागात पाण्याचंच काम करतो, म्हणून तिथलं सांगतो.

आधी झरा मोजा, तोही मे महिन्यात. इथे पाऊस धो धो पडतो, पण खाली कातळ असल्याने पाणी फारसं मुरत नाही. दिवाळीत तुडुंब दिसलेल्या विहिरीवर आखलेल्या योजना मार्चमध्ये कोरड्या पडलेल्या मी पाहिल्यात. कुठला झिरा जूनपर्यंत टिकतो हे पाड्यावरच्या बायांना विचारा, रात्री हंडे घेऊन तिथे त्याच बसलेल्या असतात.

मोजायला 15 लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. बादली भरायला 2 मिनिटं लागली तर दिवसरात्रीचं पाणी 10,800 लिटर होतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 200 वस्तीला 11,000. बघायला ती करंगळीएवढी धार असते, पण रात्रीचं वाहून जाणारं पाणी टाकीत साठवलं तर अख्ख्या पाड्याचं जवळजवळ भागतं.

झरा पाड्याच्या वर असेल तर उताराने पाणी आणा. वीजबिल थकलं म्हणून योजना बंद, ही वेळच येत नाही. खाली असेल तर सौर पंप. लाईन वनजमिनीतून जात असेल तर घाबरू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाण्याच्या पाईपलाईनसाठी 1 हेक्टरच्या आत जमीन मिळायची सोय आहे, त्याला ग्रामसभेची शिफारस लागते.

शुद्धतेचं काम झऱ्यापासूनच सुरू होतं. वरच्या अंगाला चर खणून पावसाचा लोंढा बाजूला काढा, तोंड पक्कं बांधून झाका, गुरं लांब ठेवा. मग टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता, अर्ध्या तासाने पाणी सोडा. पावडरचं पोतं उघडं राहिलं की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट करत राहा. औषधाचे थेंब टाकल्यावर नमुन्याचं पाणी पिवळसर झालं तर ठीक. पाणी वास मारतं म्हणून काही घरं परत झिऱ्यावर जातात. त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर.

मोखाड्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून तुमच्यासारखं कुणी विचारलं की बरं वाटतं.

व्हॉल्व्ह सोडणाऱ्याचा पगार मात्र पहिल्याच ग्रामसभेत ठरवा. पाणीपट्टी भातकापणी झाली की लगेच गोळा करा. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, मग वसुलीला घरात कुणी सापडत नाही.