आईला भट्टी दिसतच नव्हती

“मॅडम, मुलगी अणुऊर्जेत जायचं म्हणून राहिली आहे. तिकडे रेडिएशन असतं न?”

हे वाक्य मी इंदूरमध्ये समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलंय की पालक दारातून आत येतानाच मला त्याची चाहूल लागते. राजेंद्रनगरच्या पुढे अणुऊर्जा खात्याचं राजा रामण्णा संशोधन केंद्र आहे, जुन्या नावाने आपल्या बोलण्यातलं ‘कॅट’. विज्ञान दिनाच्या सुमारास शाळेची मुलं ते बघून येतात आणि त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात हे खूळ बसतं. (एमबीएच्या परीक्षेचं नावही तेच, त्यामुळे आमची पहिली पाच मिनिटं कोणत्या कॅटबद्दल बोलतोय हे ठरवण्यातच जातात.) पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, लग्नाचा. तिसरा, अर्ध्या आवाजातला, मुलंबाळं होण्याचा.

मुग्धाचं घर याच वाटेने माझ्याकडे आलं. नाव बदललंय, लिहिण्याची परवानगी घेतली आहे. ती मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई शुभदाताई, वय अठ्ठेचाळीस. बाबा कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेले. मुग्धाने छापील कागदांची फाइलच आणली होती.

“मी आईला दहादा समजावलं,” मुग्धा म्हणाली. “ऐकूनच नाही राहिली. बाबांच्या पोटाचा सीटी स्कॅन काढला तेव्हा घाबरली का ही?”

मुद्दा बिनतोड होता. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. पोटाचा एक सीटी 8 ते 10 च्या घरात जातो. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांसाठी आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20. छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो, तो ठरावीक काळाने तपासला जातो आणि प्रत्येकाची नोंद राहते. मुलाबाळांबद्दल बोलायचं तर हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीचा अनेक दशकं अभ्यास झाला, त्यात आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. हे सगळं पहिल्या बैठकीत मीही सांगितलं. शुभदाताईंनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. माणूस अस्वस्थ होतो तो घटनेपेक्षा तिच्या लावलेल्या अर्थाने, असं मानणारी मी. मग तो अर्थ चुकीचा असेल तर पुरावा दाखवावा, हा माझा सरावाचा रस्ता. पण पुरावा दाखवायच्या घाईत अर्थ कोणता हे विचारायचंच राहतं, आणि इतक्या वर्षांनंतरही माझं ते राहिलं होतं. आकड्यांनी मान डोलते, पोटातला गोळा जागचा हलत नाही.

तिसऱ्या बैठकीत मी मुग्धाला फाइल बंद करायला लावली.

“शुभदाताई, ‘अणुभट्टी’ म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? खरंखोटं सोडा. काय दिसतं?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ओला टॉवेल.”

मुग्धा हसली. मी तिला हातानेच थांबवलं.

“कोणीतरी तोंडावर ओला टॉवेल दाबतंय. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं. आणि सगळे पळून राहिले आहेत, पण कुठे पळायचं ते कोणालाच माहीत नाही.”

मावशीच्या लग्नाला त्या भोपाळला गेल्या होत्या. वय वर्षं नऊ. 2 डिसेंबर 1984 ची रात्र. त्या वाचल्या, आई-वडीलही वाचले. ज्या घरी उतरले होते तिथली एक आजी वाचली नाही. घरात हा विषय पुढे कोणी काढला नाही. बाबांनी मोबाईल खाली ठेवला. वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्यांनाही एवढं माहीत नव्हतं.

मुग्धा हळूच म्हणाली, “आई, पण तो तर गॅस होता. कीटकनाशकाचा कारखाना. अणूशी त्याचा काही संबंध नाही.”

“माहीत आहे मला,” शुभदाताई म्हणाल्या. “पण आम्हाला कुठे कोणी सांगितलं होतं काय आहे ते? डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. तुझ्या तिकडे काही झालं तर सांगतील का लोकांना?”

त्या क्षणी मला माझीच दोन आठवड्यांची आकडेमोड आठवून ओशाळल्यासारखं झालं. बाई किरणांना घाबरतच नव्हत्या. ‘कोणी सांगणार नाही’ याला घाबरत होत्या. त्या भीतीला मिलिसिव्हर्टचं उत्तर म्हणजे डोकेदुखीवर पायाला पट्टी. आणि हा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. 2010 मध्ये अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचा कायदा होत होता तेव्हा दुर्घटनेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न देशभर चर्चेत होता आणि तोंडोतोंडी भोपाळचंच नाव होतं. शुभदाताईंनी तो कायदा वाचलेला नव्हता. त्यामागचा सवाल मात्र नऊ वर्षांच्या असल्यापासून त्यांच्याजवळ होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या. अशी जागा सापडली की मला बरं वाटतं, ते कशाला लपवू.

आता पाळी मुग्धाची होती. खरं सांगायचं तर हट्ट तिचाही कमी नव्हता. ‘सगळं सुरक्षित आहे’ हे वाक्य तिने इतकं पाठ केलं होतं की त्यात अभ्यास कमी आणि वकिली जास्त झाली होती. मी तिला म्हटलं, “विरोधकांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकल्यासारखी लिहून आण.” तिने चुटका निवडलं. मंडला जिल्ह्यात नर्मदेकाठी 700 मेगावॉटच्या दोन भट्ट्यांचा प्रस्ताव. विरोध करणारे बरेचसे आदिवासी बरगी धरणापायी एकदा घरदार सोडून उठलेले, आता पुन्हा उठायचं नाही म्हणणारे. तिला वाटलं होतं लोक किरणोत्सर्गाला घाबरत असतील. निघाली गोष्ट जमिनीची आणि न पाळलेल्या शब्दांची. अणुऊर्जा नियामक मंडळ कायद्याने स्वतंत्र नव्हतं, म्हणून कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) 2012 च्या अहवालात ओढलेले ताशेरेही तिने शोधून आणले. “हे माझ्या फाइलीत का नव्हतं?” ती विचारत होती. मी म्हटलं, कारण फाइल आईला हरवायला केली होतीस.

ज्या मुलांना या वाटेने जायचंय त्यांना मी आता हेच आधी करायला सांगते. बाकीची माहिती सोपी आहे. ‘न्यूक्लियर’ नावाची शाखा मिळाली नाही म्हणून रडू नका. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, धातुशास्त्र, भौतिकशास्त्र, सगळ्यांना तिथे काम आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय 1957 पासून चालू आहे. अभियांत्रिकी-विज्ञानाच्या ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीपर्यंत पोचता येतं, मग वर्षभराचा अभ्यास. संशोधन म्हणजे पांढरा कोट घालून भट्टीत डोकावणं नव्हे. पाणी उकळताना नळीच्या भिंतीवर बुडबुडे कसे धरतात, वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा खाऊन धातू कसा ठिसूळ होतो, असले रटाळ वाटणारे प्रश्न असतात. ते तुम्हाला रटाळ वाटत नसतील तर जा. आपल्या कॅटमध्ये तर अणुभट्टी नाहीच. तिथे लेसर आहेत आणि इंडस-1, इंडस-2 ही इलेक्ट्रॉन फिरवणारी यंत्रं, बटण बंद केलं की झोत संपला. इथल्या लेसरने जुन्या भट्ट्यांमधल्या शीतक (भट्टी थंड ठेवणाऱ्या) नळ्या बदलताना कापाकापीचं काम लांबून करता आलं आणि कामगारांच्या अंगावर पडणारी किरणोत्सर्गाची मात्रा घटली. मुग्धाला हे ऐकून जेवढा आनंद झाला, तेवढा तिच्या त्या फाइलीतल्या एकाही कागदाने झाला नव्हता.

पालकांनो, तुम्ही मात्र केंद्र पाहायला जाल तेव्हा ‘धोका आहे का’ असं विचारू नका. त्याला ‘नाही’ एवढंच उत्तर मिळतं. बिल्ला कोण तपासतं, आकडा कामगाराला दाखवतात का, गडबड झाली तर शेजारच्या वस्तीला कोण आणि किती वेळात सांगतं, असं विचारा.

शेवटच्या बैठकीला शुभदाताई पोह्यांचा डबा घेऊन आल्या. होकार त्यांनी अजून दिलेला नाही. लग्नाचा मुद्दा तर तसाच लोंबकळतोय. पण उठता उठता त्यांनी लेकीला विचारलं, “तिकडे भोंगा असतो का गं? आणि तो वाजतो की नाही, हे कोण बघतं?”

मुग्धाने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, “माहीत नाही, आई. विचारून सांगते.”

हे ‘माहीत नाही’ ऐकायला मला पाच बैठका लागल्या होत्या.